प्रतिपिंडांचा छेद: पुणे परिसरातील एक जुना व्यवसाय

स्वयंप्रतिकारक आजारांत, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर उलटते अशा आजारांत, अपायकारक प्रतिपिंडांचे म्हणजे अँटीबॉडींचे रक्तातच तुकडे करणारी विकरे (एन्झाइमे) ही अलीकडची नवलाई मानली जाते. परंतु विकराने प्रतिपिंड तोडून त्यापासून औषध करण्याचा व्यवसाय एका अंगाला हडपसर आणि दुसऱ्या अंगाला पिंपरी अशा पुण्याच्या परिसरात पूर्वीपासून रुजलेला आहे.

या व्यवसायाचे मूळ मुंबईत परळला आहे. बेहरिंग आणि कितासातो यांनी 1890 मध्ये प्राण्याच्या रक्तद्रवाने घटसर्प व धनुर्वात आटोक्यात येतात हे दाखवल्यावर घोडा हा औषधनिर्मितीचा आधार झाला, आणि पुढे परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरील प्रतिविष तयार होऊ लागले. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे याच संस्थेकडे जात असत; ते दुसऱ्याला देण्याऐवजी रक्तद्रव आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. हाफकिनचा उत्पादन विभाग 1975 मध्ये स्वतंत्र महामंडळ झाला व त्याच्या घोड्यांच्या पागा पिंपरीला आहेत. जुन्नर तालुक्यातील नारायणगावीही आज प्रतिविष तयार होते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष वाढत्या मात्रेत टोचलेल्या घोड्याचे रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. हा रक्तद्रव जसाच्या तसा माणसाला दिल्यास ताप, पुरळ आणि सांधेदुखी उद्भवते. या ‘सीरम सिकनेस’चे वर्णन पिर्के व शिक यांनी 1905 मध्ये केले होते. इंग्लंडमध्ये पोप यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस डुकराच्या जठरातील पेप्सिन हे विकर वापरून त्यावर तोडगा काढला. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो: वरच्या दोन भुजा विषाला पकडतात, तर खालचे खोड शरीरातील इतर संरक्षक यंत्रणांना बोलावून घेते. आम्ल द्रावणात पेप्सिन हे खोड तोडते आणि नको असलेली इतर प्रथिनेही पचवते, त्यामुळे जोडलेल्या दोन भुजा तेवढ्या कामाच्या उरतात. प्रतिविषाच्या कुपीवर ‘एन्झाइम रिफाइंड’ हे जे शब्द छापलेले असतात, त्यांचा अर्थ एवढाच. कुपीतील भुकटी पाण्यात विरघळवल्यावर तिच्या 1 मिलिलिटरने नागाचे 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे भारतीय प्रमाण आहे.

व्यवहार आधी आणि उलगडा नंतर, असा हा क्रम आहे. रॉडनी पोर्टर यांनी पपईच्या चिकातील पपेनने प्रतिपिंडाचे तुकडे पाडले ते 1959 मध्ये, आणि त्या रचनेच्या शोधासाठी एडलमन यांच्यासह त्यांना 1972 चे नोबेल मिळाले.

मात्र स्वयंप्रतिकारक आजारात रक्तातच प्रतिपिंड तोडायचे, तर पेप्सिन रुग्णाच्या शिरेतून देऊन भागत नाही, कारण ते आम्लातच चालते आणि प्रथिनांत निवड करत नाही. ही अडचण दूर झाली ती घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे. स्वीडनमधील लुंड येथे 2002 मध्ये त्याचे असे विकर वर्णिले गेले की जे फक्त आयजीजी वर्गाचे प्रतिपिंड, तेही जवळजवळ पेप्सिनच्याच जागी, तोडते. इम्लिफिडेज या नावाने ते युरोपात ऑगस्ट 2020 मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी सशर्त मंजूर झाले. मूत्रपिंडावर प्रतिपिंड हल्ला करतात अशा अँटी-जीबीएम आजाराच्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 15 पैकी 10 रुग्ण सहा महिन्यांनंतर डायलिसिसविना होते. नमुना लहान आणि तुलनेचा गट जुन्या रुग्णांचा होता, हे विसरता येत नाही.

शिवाय तोडलेले प्रतिपिंड एक-दोन आठवड्यांत पुन्हा तयार होऊ लागतात, आणि स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग बहुतेकांना कधी ना कधी होऊन गेलेला असल्याने शरीर या विकरालाच परके ठरवते. घोड्याच्या प्रथिनाबाबत जी अडचण होती तीच येथे जिवाणूच्या प्रथिनाबाबत उभी आहे. म्हणूनच त्याची रचना बदलून, पुन्हा पुन्हा देता येतील अशी विकरे घडवण्याचे प्रयत्न सध्या चालू आहेत.