अत्याज्या : बलात्कारपीडित स्त्री, स्मृतिग्रंथ व आमचीं दफ्तरें

स्त्रीवर बलात्कार झाला असतां तिच्याशीं घरानें, गोतानें व गांवानें कसें वागावें, हा प्रश्न अलीकडचा आहे असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः स्मृतिकारांनीं त्याचें उत्तर निःसंदिग्ध शब्दांत देऊन ठेविलें आहे. आणि तें उत्तर ज्यांच्या घरच्या पोथ्यांत होतें त्या गांवांनीं शतकानुशतकें नेमकें त्याच्या उलट वर्तन केलें आहे. ग्रंथ व व्यवहार यांत एवढें अंतर कां पडलें, तें तोडण्यास कोण झटलें, आणि या कामीं जुन्या कागदांचा संग्रह करणारांचें कर्तव्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विचार आंजर्ल्यास बसून करण्यास एक विशेष कारण आहे. येथून जोग नदीची खाडी ओलांडिली कीं हर्णै व सुवर्णदुर्ग लागतो आणि त्याच्या दक्षिणेस मुरूड. त्या मुरुडास रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक इ. स. १८३३ त जन्मले. त्यांनीं याज्ञवल्क्यस्मृति व नीलकंठाचा व्यवहारमयूख यांचें इंग्रजी भाषांतर १८८० त प्रसिद्ध केलें. धोंडो केशव कर्वे हे मुरुडचेच. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचें शालेय शिक्षण दापोलीस झालें. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड १९४१ त निघाला, त्यांत प्रस्तुत विषयाचीं स्मृतिवचनें एकत्र आलीं आहेत. म्हणजे एका तालुक्याच्या टापूंत एकानें ग्रंथ लोकांपुढें आणिले, दुसऱ्यानें त्यांचा इतिहास लिहिला, व तिसऱ्यानें निराधार स्त्रियांसाठीं घर बांधिलें. तिघांत दगड कोणास पडले हें मुरुडच्या लोकांस ठाऊक आहे.

प्रथम ग्रंथांकडे वळूं. आनंदाश्रमानें १९०५ सालीं छापलेला स्मृतींचा समुच्चय बहुतेक सभासदांच्या संग्रहीं असेलच. त्यांतील वसिष्ठाचा अठ्ठाविसावा अध्याय पाहावा. बळानें भोगिली गेलेली किंवा चोरांच्या हातीं सांपडलेली स्त्री टाकूं नये, असा तेथें स्पष्ट आदेश आहे. अत्रीचें म्हणणें तेंच. पराशरानें दहाव्या अध्यायांत बंदींत धरून, मारून, बांधून, भय घालून भोगिलेल्या स्त्रीस सांतपन कृच्छ्र सांगितलें आहे. आणि इच्छा नसतां एकवार भोगिलेलीस प्राजापत्य. चौदाव्या शतकांत माधवाचार्यांनीं या स्मृतीवर विस्तृत टीका लिहिली, आणि दक्षिणेंत ती टीका प्रमाण मानिली गेली. देवलस्मृति तर परचक्रांत धरून नेलेल्या माणसांच्या शुद्धीकरितांच रचलेली दिसते. गर्भ राहून परतलेली स्त्रीही प्रसूतीनंतर शुद्ध होते, असें ती सांगते.

या वचनांतील तीन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, स्त्रीची इच्छा होती कीं नव्हती, हा भेद स्मृतिकार मानितात. दुसरी, प्रायश्चित्ताला त्यांनीं मर्यादा घातली आहे. सांतपन दोन दिवसांचें : पहिल्या दिवशीं पंचगव्य व कुशोदक, दुसऱ्या दिवशीं उपवास. प्राजापत्य बारा दिवसांचें : तीन दिवस सकाळीं जेवण, तीन दिवस रात्रीं, तीन दिवस न मागतां मिळेल तें, व शेवटचे तीन दिवस उपवास. तेराव्या दिवशीं त्या स्त्रीकडून कोणाचेंही कांहीं येणें राहत नाहीं. गांवानें जें वसूल केलें तें जन्मभर.

तिसरी गोष्ट स्मृतिकारांच्या उणेपणाची आहे, ती झांकण्याचें कारण नाहीं. अपराध दुसऱ्याचा असतां व्रत स्त्रीनेंच करावयाचें, हें मूळ गृहीत त्यांनीं सोडलें नाहीं. देवल आईला घरांत घेतो, पण तिचें मूल दुसऱ्यास देऊन टाकावें असें सांगतो. दंडाच्या प्रकरणांत वर्णभेद पदोपदीं आहे. दासीवर बळजबरी करणारास याज्ञवल्क्य अवघा दहा पण दंड सांगतो. तेव्हां स्मृतिकार अगदीं आजच्या विचाराचे होते असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. परंतु ते जेथवर आले होते तेथवरसुद्धां आमचीं गांवें आलीं नाहींत, एवढाच आमचा मुद्दा आहे.

आतां दफ्तरांकडे येऊं. या विषयांत सर्वांच्या तोंडीं असलेला कागद म्हणजे इ. स. १६४६ च्या जानेवारींतील शिवाजी महाराजांचें रांझ्याच्या पाटलासंबंधींचें पत्र. खेडेबारें तर्फेंतील रांझ्याचा मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर याच्या हातून ‘बदअमल’ झाला, म्हणून त्याचे हातपाय तोडून त्यास पाटीलकीवरून दूर केलें, असा त्याचा आशय. हा बदअमल म्हणजे स्त्रीवरील अत्याचार, असा अर्थ परंपरेनें घेतला जातो. या पत्राचें महत्त्व निर्विवाद आहे. वतनदारास वतनाचें कवच मिळणार नाहीं, हें येथें प्रत्यक्ष घडलें.

परंतु तोच कागद पुन्हा एकवार सावकाश वाचावा. अपराध्याचें नांव त्यांत आहे, बापाचें आहे, वतन आहे, शिक्षा आहे. हातपाय गेल्यावर त्याचें पोट कसें चालावें, याचीही तजवीज आहे : त्याच्याच कुळांतील सोनजी गुजर यानें दंड भरून त्याचा सांभाळ पत्करिला व पाटीलकी त्यास मिळाली. ती स्त्री मात्र त्या कागदांत नाहीं. तिचें नांव नाहीं हें एका परीनें बरेंच झालें. पण तिला घरांत घेतलें कीं नाहीं, तिचा सांभाळ कोणीं पत्करिला, याविषयीं एक अक्षरही नाहीं. पुढील लेखकांनीं तिच्या नांवानें जे प्रसंग रंगविले ते मूळ पत्राबाहेरचे आहेत. आमच्या सर्वोत्तम राजाच्या उत्तम न्यायपत्राची ही स्थिति; न्याय झाला तो अपराध्यापुरता.

पेशवाईंतील कागदांत चित्र अधिक काळवंडतें. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या रोजनिश्यांत व पेशवे दफ्तरांत बदकर्माचीं प्रकरणें विपुल आहेत. शिंदळकीच्या आरोपाखालीं बायकांना कुणबिणी करून किल्ल्यांवर व सरकारी कारखान्यांत राबविण्याची चाल त्या काळीं होती. बळजबरी कोठली व राजीखुशी कोठली, हा जो भेद पराशरानें केला तो कारकुनाच्या लेखणीस बहुधा सुचत नाहीं. ‘बदअमल’, ‘बदकर्म’, ‘शिंदळकी’ हे शब्द दोहोंसही लागतात. एकदां शब्द एक झाला म्हणजे शिक्षाही एकच होते. पुढें गोतसभा, पंक्तीचा प्रश्न, प्रायश्चित्ताचा व गोतभोजनाचा खर्च. आणि खर्च न झेपला तर वाळीत.

शास्त्र व व्यवहार यांत अंतर पडण्याचें दुसरें एक कारण आम्हांस दिसतें. स्मृतिकारांच्या दृष्टीपुढें अपराधी म्हणून चोर, दरोडेखोर किंवा परचक्र आहे; म्हणजे बाहेरचा माणूस. सिद्द्यांच्या धाडी सोसलेल्या व १७२७ त परशुरामाचें देवस्थान लुटलें गेल्याचें पाहिलेल्या या किनाऱ्यास तें चित्र पटण्यासारखेंच होतें. पण कागद निराळें सांगतात. रांझ्याचा अपराधी गांवचाच पाटील होता. आजच्या सरकारी गुन्हेनोंदींतही दहांपैकीं नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. बाहेरच्यानें धरून नेलेली स्त्री परत घेणें गांवास एक वेळ जमतें, कारण तेथें गांव स्वतःस निर्दोष मानितो. अपराधी पंक्तींतलाच असला म्हणजे त्याला वाचविण्याकरितां तिला दोषी ठरवावें लागतें.

याचें ठळक उदाहरण जोतीराव फुले यांनीं १८८४ च्या डिसेंबरांत, मलबारींच्या टिपणांवर मत देतांना नमूद केलें आहे. फुल्यांचे स्नेही सदाशिवराव बल्लाळ गोवंडे यांचे घरीं एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. गांवच्याच एका शास्त्र्यानें तिचा पिच्छा पुरविला. प्रथम तिनें दाद दिली नाहीं, अखेरीस ती त्याच्या जाळ्यांत सांपडली. गर्भ राहिला, औषधोपचार फुकट गेले, मूल झालें. अब्रूच्या भीतीनें तिनें तें मारून विहिरींत टाकिलें. पुण्याच्या न्यायालयानें तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्या टिपणांत तिचें नांव आहे. आम्ही तें येथें देत नाहीं. पराधीन, निराधार विधवेचें ‘जाळ्यांत सांपडणें’ म्हणजे कितपत राजीखुशी, हें वाचकांनींच ठरवावें.

या प्रकरणानंतर लागलीच, १८६३ त, फुले पतिपत्नींनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढिलें, आणि विधवांनीं गुप्तपणें येऊन सुखरूप बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवावें, अशा आशयाचीं पत्रकें ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर लाविलीं. १८८४ पर्यंत तेथें पस्तीस विधवा बाळंत झाल्या. मुलें मात्र पांचच जगलीं. गर्भ पाडण्यासाठीं घेतलेल्या जालीम औषधांनीं बाकीचीं आधींच पोळलीं होतीं, असें फुले लिहितात. हा आंकडा वाचून आम्हांस वाटतें कीं, आश्रयाचा दरवाजा उघडण्यास होणाऱ्या विलंबाचें मोजमाप याहून स्पष्ट शब्दांत झालेलें नाहीं. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनीं दत्तक घेतला. तो पुढें डॉक्टर झाला. मूल दुसऱ्यास द्यावें असें म्हणून देवल जेथें थांबला, तेथून एक पाऊल पुढें टाकण्यास सुमारें हजार वर्षें लागलीं. १८७५ त पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें असेंच गृह निघालें. तें प्रार्थनासमाजानें चालविलें.

कर्व्यांची गोष्ट मुरुडची आहे. १८९३ त त्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां गांवानें त्यांना बहिष्कृत केलें व त्यांच्या मातुःश्रींनाही तो जाच सोसावा लागला. १८९६ त त्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० त तो हिंगण्यास गेला. ती संस्था बलात्कारपीडितांसाठीं म्हणून निघालेली नव्हती. परंतु फुल्यांनीं गुप्तता व छप्पर दिलें, त्यांत कर्व्यांनीं तिसरी गोष्ट घातली, ती विद्या व तिच्या जोरावर स्वतःची भाकरी. गुप्तता, छप्पर व भाकरी : एवढ्या तीन वस्तूंनीं अत्याज्या हा शब्द पोथींतून घरांत येतो. प्रायश्चित्ताचा यांत कोठेंही संबंध नाहीं.

कायद्यानेंही गांवाचाच कित्ता दीर्घकाळ गिरविला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत फिर्यादी स्त्रीच्या पूर्वचारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा होती. ती २००३ त गेली. १९७२ त देसाईगंज येथें पोलीस चौकींत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहींत, सबब तिची संमति होती, अशा विचारानें सर्वोच्च न्यायालयानें आरोपी सोडिले. त्यावर १९७९ त उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिलें. ठिकठिकाणच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ त कायदा बदलला. त्या दुरुस्तीनें पीडितेचें नांव प्रसिद्ध करणें हाही गुन्हा ठरला. तोच नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत कायम आहे. वैद्यकीय तपासणींत स्त्रीच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची जी किळसवाणी पद्धति होती, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी मानिला जाईल, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ त बजाविलें. दुखावलेल्या स्त्रीची शुद्धि तपासण्याचा गोतसभेचा सोस कोणत्या वेषांत किती काळ टिकला, हें यावरून दिसेल.

आतां संग्राहकांच्या कर्तव्याविषयीं. कोंकणांतील उपाध्यांच्या, खोतांच्या व देशमुखांच्या घरीं प्रायश्चित्तपत्रें, शुद्धिपत्रें, गोताचे महजर यांचीं बाडें असतात. त्यांसंबंधीं आमच्या चार सूचना आहेत. एक, असा कागद लाजेनें जाळूं नये; तो जाळणें म्हणजे अपराध्यास दुसऱ्यानें वाचविणें होय. दोन, छापतांना स्त्रीचें नांव, घराणें व ओळख पटेल असा वाडीचा उल्लेख गाळावा व गाळल्याची खूण करावी. मूळ प्रत जशीच्या तशी राखावी. कुळांचे वंशज त्याच आळींत राहतात, आणि दोनशें वर्षांपूर्वींचा कागद आजच्या मुलीच्या लग्नांत आडवा येतो. तीन, ‘शिंदळकी’ असा शब्द दिसतांच स्त्री दोषी असें टीपेंत लिहूं नये. बळजबरीचा पुरावा त्याच कागदांत कोठें आहे कां तें आधीं पाहावें. चार, तिचें पुढें काय झालें याचा माग त्याच घरच्या हिशेबवह्यांत, दानपत्रांत व वाटणीपत्रांत घ्यावा. न्यायपत्रांत नसलेली स्त्री कधीं कधीं पोटगीच्या एका ओळींत सांपडते.

आणि जुन्या कागदांचें वाचन करणारास आजच्या गांवांत वडीलपणाचा मान असतो, त्याचाही उपयोग व्हावा. अशी वेळ शेजारीं आली तर फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यांत नोंदतां येते. रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, तेथें उपचार विनामूल्य मिळणें हा तिचा हक्क आहे. राज्य शासनाची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. तांतडीस ११२ व मुलांसाठीं १०९८ हे दूरध्वनि आहेत. हें सांगणारा माणूस पंक्तींतला असला तर त्याचें वजन पडतें. तिला प्रश्न कमी विचारावे, तिचें नांव ओसरीवर घेऊं नये, आणि लग्नकार्यांत, हळदीकुंकवांत तिचें पान पूर्वींच्याच जागीं मांडावें. पानाची जागा बदलली कीं गोतसभा भरलीच, असें समजावें.