'आजींचं सोडियम कमी झालंय' म्हणजे नेमकं काय? आणि ते रिपोर्ट येण्याआधी कसं ओळखतात?

रात्री जेवून झोपलेल्या आजी सकाळी उठतात आणि स्वतःच्या मुलालाच विचारतात, 'तुम्ही कोण?' दोन-तीन दिवसांपासून जेवण कमी झालेलं असतं, मळमळ होत असते, परवा बाथरूममध्ये तोलही गेलेला असतो. घरात कुणी म्हणतं वय झालं, कुणाला अर्धांगवायूची शंका येते. दवाखान्यात रक्त तपासतात आणि दुपारी फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो, 'आजींचं सोडियम कमी झालंय. १२० आलंय.'

पुढचे मेसेज तुम्हालाही पाठ असतील. मीठ-साखरेचं पाणी द्या, लोणचं द्या, 'तरी मी सांगत होतो, अळणी जेवण बंद करा'.

पण अशा बहुतेक पेशंटमध्ये भानगड मिठाची नसते, पाण्याची असते.

आमटी अळणी कधी लागते?

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं. हा आकडा म्हणजे शरीरातल्या एकूण मिठाचा हिशेब नाही. एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती, एवढंच तो सांगतो. आमटीत मीठ नेहमीएवढंच घातलं आणि पाणी जास्त पडलं, तरी ती अळणीच लागते. इथेही तसंच होतं.

पाणी जास्त होण्याची कारणं बरीच आहेत. न्यूमोनिया, ऑपरेशन, तीव्र वेदना, नैराश्यावरच्या किंवा फिटच्या काही गोळ्या यांमुळे शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन गरजेपेक्षा जास्त स्रवतं. हृदय, लिव्हर किंवा किडनी कमजोर असेल तरी पाणी साठतं. ब्लडप्रेशरसाठी दिली जाणारी, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी थायझाइड गटातली गोळी हे म्हाताऱ्या माणसांमधलं फार नेहमीचं कारण आहे. धडधाकट माणसंही यातून सुटत नाहीत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं हे त्यामागचं मोठं कारण होतं.

उलट्या-जुलाबात मात्र मीठ आणि पाणी दोन्ही खरोखरच बाहेर जातं. त्यात पेशंटला नुसतं साधं पाणी पाजत राहिलं, तर आकडा आणखी घसरतो.

म्हणजे रिपोर्टवर १२० हा आकडा सारखाच, पण एका पेशंटला सलाईन लागेल आणि दुसऱ्याचं पाणी मोजून कमी करावं लागेल. कुणाला काय, हे ठरवताना डॉक्टर आधी विचारतात की शरीरात पाणी कमी आहे की जास्त. त्या उत्तराचा मोठा भाग येतो सिस्टरच्या चार्टमधून.

खाटेला लटकवलेला तो कागद

पेशंटच्या खाटेपाशी एक तक्ता असतो. एका बाजूला आत काय गेलं, दुसऱ्या बाजूला बाहेर काय आलं. पाणी, चहा, ताक, सूप, सलाईन, गोळीबरोबरचे दोन घोट हे सगळं आत. लघवी, उलटी, जुलाब, ड्रेनच्या पिशवीतलं पाणी हे सगळं बाहेर. दिसायला कारकुनी काम, पण त्यावरून उपचार बदलतात. ६० किलोच्या माणसाला ताशी साधारण ३० मिली लघवी व्हायला हवी. सलग काही तास त्यापेक्षा कमी झाली, की सिस्टर डॉक्टरांना फोन करते.

इथे नातेवाईक एक चूक हमखास करतात. प्रेमापोटी गुपचूप नारळपाणी पाजतात आणि सिस्टरला सांगत नाहीत, किंवा युरिन पॉटमधली लघवी न मोजता ओतून देतात. चार्ट चुकला की हिशेब चुकतो.

त्याहून खात्रीची गोष्ट म्हणजे वजन. रोज सकाळी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. एका रात्रीत वजन एक किलोने वाढलं, तर ती चरबी नसते, जवळपास एक लिटर पाणी असतं.

सूज बघायचीही एक खुबी आहे. चालत्या-फिरत्या माणसाची सूज पायावर दिसते, अंगठ्याने दाबलं की खड्डा पडतो. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं पाणी मात्र माकडहाडापाशी उतरतं, म्हणून सिस्टर त्याला कुशीवर वळवून पाठीचा खालचा भाग दाबून बघते. पाणी कमी झालं असेल तर जीभ कोरडी पडते, नाडी जलद होते, उठून उभं राहताच बीपी खाली येतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हाताची कातडी चिमटीत धरून बघण्याची पद्धत म्हाताऱ्यांच्या बाबतीत फसवते, कारण त्यांची कातडी तशीही सैल असते. छातीच्या मधल्या हाडावर बघणं त्यातल्या त्यात बरं. शिवाय वयानुसार तहानही मंदावते, त्यामुळे 'तहान नाही म्हणतायत' यावर विसंबू नका.

'कालपर्यंत पेपर वाचत होत्या'

सोडियम घसरलं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. बाकी अंगाला फुगायला जागा असते, मेंदूभोवती कवटी असते. म्हणून पहिल्या खुणा वागण्यात दिसतात. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो, तोल जातो. फारच घसरलं तर फिट येते, शुद्ध हरपते.

इथे घरच्यांना जे कळतं ते सिस्टरलाही कळत नाही. तिने आजींना आजच पाहिलेलं असतं. गप्प पडून राहणं हा त्यांचा स्वभाव आहे की आजार, हे ती कशावरून ठरवणार? 'कालपर्यंत स्वतः पेपर वाचत होत्या, आज चष्मा कुठे घालायचा ते कळत नाहीये' हे तुमचं एक वाक्य कामाचं आहे. ते सांगा, विचारलं नाही तरी सांगा.

आणखी एक. 'दोन दिवस झाले, अजून नॉर्मल का येत नाही?' म्हणून वॉर्डात आवाज चढवण्याआधी हे माहीत असू द्या की सोडियम मुद्दाम हळू वाढवतात. २४ तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त नाही. हळूहळू घसरलेल्या सोडियमशी मेंदूने जुळवून घेतलेलं असतं. ते झटकन वर नेलं तर मेंदूतल्या नसांच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते.

पोटॅशियम: खुणा कमी, धोका जास्त

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असतं आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांशी जोडलेलं आहे. जुलाब किंवा लघवीच्या गोळ्यांनी ते कमी झालं, तर मांड्यांतली ताकद जाते, जिना चढवत नाही, पोट फुगतं, छातीत धडधडतं. वाढलेलं पोटॅशियम जास्त भीतीदायक, कारण काही वेळा काहीच त्रास जाणवत नाही आणि ईसीजीवरच कळतं.

किडनीच्या पेशंटसाठी नारळपाणी म्हणूनच धोक्याचं. बीपीसाठी चांगलं म्हणून मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियमच असतं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

सलाईनमधून पोटॅशियम दिलं जातं तेव्हा हात चुरचुरतो, ते सिस्टरला लगेच सांगा. पण बाटली लवकर संपावी म्हणून नळीवरचं चाक कधीही स्वतः फिरवू नका. पोटॅशियम वेगाने आत गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

कॅल्शियमचा प्रश्न थायरॉइडच्या ऑपरेशननंतर येऊ शकतो. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. बीपी मोजायचा पट्टा आवळलेला असताना हाताची बोटं वाकडी होऊन आखडली, तर अनुभवी सिस्टरला अंदाज येतो.

घरी ओआरएस देताना

प्रमाणित ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळलं तर ते गरजेपेक्षा खारट होतं आणि सोडियम उलट वाढू शकतं. छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. गोड चवीच्या तयार पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, पण खरेदी करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते बघून घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वागण्यात अचानक बदल, फिट, न उठणारी ग्लानी किंवा छातीत अनियमित धडधड असेल तर घरी काहीही पाजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

डिस्चार्जच्या दिवशी दोन गोष्टी कागदावर लिहून मागा: कुठली गोळी बंद केली आणि सोडियम परत कधी तपासायचं. बंद केलेल्या गोळीची जुनी स्ट्रिप घरच्या डब्यात तशीच पडलेली असते आणि आजी सवयीने दुसऱ्या दिवशी सकाळी तीच घेतात. ती त्याच दिवशी काढून टाका.