भाष्य राहिले, भाष्यकारांचा समाज हद्दपार

१/ धर्मग्रंथाचा अर्थ कसा लावावा? मध्ययुगीन ज्यू पंडितांपुढे दोन वाटा होत्या: 'पशात', म्हणजे संदर्भातून निघणारा सरळ अर्थ, आणि 'दराश', म्हणजे बोधपर, विस्तारित अर्थ.

२/ फ्रान्समधील त्र्वा नगरीच्या राशीने (१०४०–११०५) पशातला मानाचे स्थान दिले. अवघड हिब्रू शब्दांना तो जुन्या फ्रेंचमधील प्रतिशब्दही देई.

३/ ख्रिस्ती परंपरा अर्थाचे चार स्तर मानी: शाब्दिक, रूपकात्मक, नैतिक, पारलौकिक. चौदाव्या शतकात लायराच्या निकोलस या फ्रान्सिस्कन पंडिताने शाब्दिक अर्थ पायाभूत ठरवला आणि त्यासाठी वारंवार राशीचाच आधार घेतला. ज्यू मतांचे खंडनही त्यानेच लिहिले.

४/ निकोलस पॅरिसमध्ये शिकवत होता. तेथेच १२४२ साली तालमूदच्या पोथ्या जाळल्या गेल्या होत्या. १३०६ साली राजाने ज्यूंना राज्याबाहेर घालवले. शेजारी नकोसा झाला, त्याचे व्याकरण मात्र हवे होते.