मध्यम, सरासरी आणि सर्वसाधारण

वऱ्हाडांत पीकपाण्याची गोष्ट निघाली म्हणजे तीन शब्द हटकून कानीं पडतात : मध्यम, सरासरी आणि सर्वसाधारण. बडनेऱ्याच्या शेतशिवारापासून अमरावतीच्या कचेरीपर्यंत हे शब्द एकमेकांच्या जागीं खुशाल वापरले जातात. नुसत्या बोलण्यांत त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु याच शब्दांवर जेव्हां सारा ठरतो, सूट मिळते किंवा नाकारली जाते, तेव्हां त्यांतील भेद शेतकऱ्याच्या कणगीपर्यंत जाऊन पोंचतो. म्हणून या शब्दांचा इतिहास हा केवळ कोशकारांचा विषय नाहीं.

मध्यम हा शब्द संस्कृतांतला. उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी ओळ लावली असतां मधल्या जागेवर जें येतें तें मध्यम. सरासरी हा शब्द फारशींतून आला. सरासर म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सर्व राशी एकत्र करून सारख्या वांटल्या असतां प्रत्येकाच्या वांट्यास जें येईल ती सरासरी. सर्वसाधारण म्हणजे जें पुष्कळांच्या ठिकाणीं व पुष्कळ वेळां आढळतें तें. पहिला शब्द ओळींतील जागा सांगतो, दुसरा वांटणी सांगतो आणि तिसरा वहिवाट सांगतो.

वांटणीचें हें गणित आपल्या देशांत जुनेंच आहे. भास्कराचार्यांनीं इसवी सन ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतींत खड्डा मोजण्याची रीत दिली आहे. खड्ड्याची रुंदी सर्वत्र सारखी नसेल तर ती अनेक ठिकाणीं मोजावी, त्या मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणीं मोजलें त्या संख्येनें तिला भागावें. येणाऱ्या मापास आचार्यांनीं सममिती असें नांव दिलें. ज्योतिषांत मात्र याच कल्पनेस मध्यम हा शब्द लावला गेला. मध्यम ग्रह म्हणजे सदैव एकाच गतीनें चालतो असें कल्पिलेला ग्रह. आकाशांत पाहूं गेल्यास तो बहुधा त्या जागीं सांपडत नाहीं. जो दिसतो तो स्पष्ट ग्रह. सरासरी ही हिशेबाची सोय आहे, प्रत्यक्ष वस्तु नव्हे, हें ज्योतिष्यांस पक्कें ठाऊक होतें.

महसुलाच्या दफ्तरांत ही गोष्ट तितकी पक्की राहिली नाहीं. अकबर बादशहाच्या कारकीर्दींत राजा तोडरमल्लाच्या नांवानें प्रसिद्ध असलेली जमाबंदी झाली. दरसाल पेरणींत असलेल्या जमिनीच्या उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा तीन प्रती धरून बिघ्याचें पीक कसें ठरवीत, याचा तक्ता आईन-इ-अकबरींत दिलेला आहे. गव्हाचें पीक उत्तम जमिनींत १८ मण, मध्यम जमिनींत १२ मण आणि कनिष्ठ जमिनींत ८ मण ३५ शेर. तिन्हींची बेरीज ३८ मण ३५ शेर. तिचा तिसरा हिस्सा सुमारें १२ मण ३८ शेर ही सरासरी, आणि या सरासरीचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारें ४ मण १२¾ शेर, हा सरकारचा वांटा.

येथें मध्यम आणि सरासरी यांतील अंतर ४० शेरांच्या मणानें मोजतां येतें. मध्यम पीक १२ मणांचें, सरासरी त्याहून ३८ शेरांनीं अधिक. उत्तम जमिनीचें पीक फार मोठें असल्यामुळें त्यानें सरासरी वर ओढली. हाच एक दर तिन्ही प्रतींच्या बिघ्यांस लावून पाहिला तर उत्तम जमिनीच्या धन्यास शंभरांपैकीं २४ द्यावे लागतात, मध्यम जमिनीच्या धन्यास ३६ आणि कनिष्ठ जमीन कसणारास जवळ जवळ ४९. कागदावर सर्वांस तिसरा हिस्सा, पण हलक्या रानांत सुमारें अर्धें पीक गेलें. हिशेबांत चूक कोठेंच नाहीं. चूक आहे ती सर्वांची सरासरी एकेकाच्या माथीं मारण्यांत.

वऱ्हाडचा सुभा मोगलांकडे १५९६ मध्यें गेला. पुढें औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां १६५२ नंतरच्या कांहीं वर्षांत त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान यानें तोडरमल्लाची पद्धत दक्षिणेंत आणिली. परंतु पिकाची वांटणी जेथें होत असे तेथें त्यानें सर्वांना एक माप लावलें नाहीं. केवळ पावसावर आलेल्या पिकाचा अर्धा हिस्सा आणि विहिरीच्या पाण्यावरील धान्याचा तिसरा, असा भेद त्यानें केला. विहिरीस लागणारा खर्च व मेहनत त्यानें जमेस धरली. अर्धा हिस्सा कांहीं थोडा नव्हे. तरीही एक आंकडा सर्वांस पुरत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें आणि १८६० नंतर मुंबईच्या नमुन्यावर येथें मोजणी सुरू झाली. तींत प्रत्येक शेताची प्रत आण्यांत लावीत. सोळा आणे ही सर्वोत्तम जमीन. मातीची खोली कमी असली, खडे, चुनखडी किंवा उतार असला, म्हणजे आणे उतरत. शेतागणिक प्रत लावण्याची ही रीत सरासरीच्या दोषावरचा उताराच होता. पण आणा हेंच माप पिकासही लागलें, आणि तेथें तिसरा शब्द, सर्वसाधारण, दफ्तरांत शिरला. शेतकऱ्याच्या तोंडीं सोळा आणे म्हणजे परिपूर्ण. सरकारी अंदाजांत मात्र कोठें सोळा आणे हेंच सर्वसाधारण पीक मानीत, तर कोठें बारा आणे. शिवाय सर्वसाधारण पिकाची व्याख्या करतांना, जें वर्षानुवर्षें सर्वांत अधिक वेळां येतें तें पीक आणि सरासरी हंगामांत सरासरी जमिनींत येणारें पीक, हीं दोन्ही वर्णनें एकाच अर्थाचीं म्हणून शेजारीं शेजारीं ठेवलीं जात. तीं एक नव्हत.

शास्त्रानें हा घोटाळा बराच उशिरा निस्तरला. मधल्या जागेवरील मूल्यास निराळें नांव फ्रान्समधील कूर्नो यानें १८४३ मध्यें दिलें, आणि सर्वांत अधिक वेळां येणाऱ्या मूल्यास इंग्लंडांतील कार्ल पिअर्सन यानें १८९५ मध्यें. महाराष्ट्रांतील शाळांच्या पुस्तकांत आतां मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन शब्द स्थिर झाले आहेत. मध्य म्हणजे सरासरी, मध्यक म्हणजे ओळींतला मधला, बहुलक म्हणजे वारंवार येणारा. समजा, एखाद्या रानांत सात वर्षांत एकरी कापूस अनुक्रमें ४, ३, ९, ३, ६, ३ आणि ७ क्विंटल निघाला. एकूण ३५ क्विंटल, म्हणून सरासरी ५. चढत्या ओळींत लावल्यास मधला आंकडा ४. वारंवार आलेला आंकडा ३. एकाच शेताचीं हीं तीन खरीं उत्तरें आहेत. सावकाराला पांच हा आंकडा आवडेल, पण घर चालवावें लागतें तें वारंवार तिनावर.

आणे १९५७ च्या दशमान नाण्यांनीं गेले, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या आंत पीक आलें तर टंचाईच्या सवलती, हा दंडक महाराष्ट्रांत रूढ झाला. २०१६ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत उंबरठा उत्पन्न ठरविण्यासाठीं मागील सात वर्षांपैकीं उत्तम पांच वर्षांची सरासरी घेण्याचा नियम केला गेला. वरच्या उदाहरणांत ती ५.८ येईल. नुकसानभरपाईसाठीं हा आंकडा शेतकऱ्याच्या सोयीचा आहे, कारण वाईट वर्षें त्याला खालीं ओढीत नाहींत. परंतु प्रमुख पिकांचा हिशेब एकेका शेताचा नसून सबंध विमा क्षेत्राचा असतो. क्षेत्राची सरासरी चांगली आली म्हणजे त्यांतील एखाद्या बुडालेल्या शेताचें दुःख तींत बुडून जातें. पावसाचेंही तसेंच. सातपुड्याच्या माथ्यावरील चिखलदरा आणि खालच्या पठारावरील बडनेरा एकाच अमरावती जिल्ह्यांत आहेत. मेळघाटांत कोसळलेल्या पावसानें जिल्ह्याची सरासरी भरते, बडनेऱ्याची विहीर भरत नाहीं.

यावरून सरासरी त्याज्य आहे असें नव्हे. सबंध मुलखाचा वसूल, धान्याचा सांठा, धरणाचें पाणी यांचा अंदाज तिच्यावांचून करतां येणार नाहीं. राज्याला सरासरी लागते, पण माणूस सरासरीवर जगत नाहीं. म्हणून पिकाचा आंकडा कोणीं पुढें केला असतां आधीं तीन प्रश्न विचारावे : हा मधला आहे, वांटणीचा आहे, कीं नेहमीं येणारा आहे? आणि तो किती शेतांचा व किती वर्षांचा मिळून काढला आहे? हें विचारण्याचा हक्क हलक्या रानाच्या धन्यास सर्वांत अधिक आहे, कारण या शब्दांच्या घोटाळ्याचा भुर्दंड बहुधा त्यानेंच भरला आहे.