कुलाब्याची चुंबकसूची आणि विजेची ट्राम

लोहचुंबकाची बारीक सुई मधोमध रेशमी धाग्यानें टांगली असतां कांहीं हेलकावे खाऊन ती अखेर उत्तर-दक्षिण स्थिर होते. तिच्याजवळ दुसरा चुंबक नेल्यास सजातीय ध्रुव एकमेकांस दूर लोटतात, विजातीय ध्रुव ओढून घेतात. मग जवळपास दुसरा चुंबक नसतां तिला वळवितो कोण? लंडनचा वैद्य विल्यम गिल्बर्ट यानें १६०० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत उत्तर दिलें कीं, पृथ्वी हाच एक प्रचंड लोहचुंबक होय. (सुईचें उत्तर टोक ज्या अर्थीं उत्तरेकडे ओढलें जातें, त्या अर्थीं तेथील चुंबकध्रुव जातीनें दक्षिणध्रुवच म्हटला पाहिजे, पण जनरूढीपुढें शास्त्राचें चालत नाहीं!)

गिल्बर्टचें उत्तर खरें, पण अपुरें होतें. लालबुंद तापविलेलें लोखंड आपला चुंबकधर्म टाकतें, आणि पृथ्वीच्या पोटांत तर त्याहून कितीतरी अधिक उष्णता आहे. सुमारें २,९०० किलोमीटर खोलीच्या खालीं वितळलेल्या लोखंडाचा थर आहे. त्याच्या हालचालीनें विजेचे प्रवाह उत्पन्न होतात, आणि प्रवाह आला कीं त्याच्याभोवतीं चुंबकत्व आलेंच. विजेच्या प्रवाहानें सुई वळते हें कोपनहेगनच्या ओर्स्टेडनें १८२० सालीं दाखविलें होतें. हा थर सदैव चळता असल्यामुळें सुईची दिशाहि वर्षानुवर्षें किंचित् सरकत जाते. हें सरकणें समजावयास पिढ्यान्‌पिढ्यांची अखंड नोंद लागते.

तशी नोंद मुंबईस झाली. जहाजांस अचूक वेळ कळावी म्हणून कंपनी सरकारनें १८२६ सालीं कुलाब्यास वेधशाळा बांधली. एल्फिन्स्टन कॉलेजांतील ज्योतिषाचे अध्यापक ऑर्लेबार यांनीं तेथें १८४१ मध्यें चुंबकीय वेध घेण्यास आरंभ केला, आणि १८४६ पासून त्यांत सातत्य आलें. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन यास सूर्यबिंबावर एकाएकीं लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशीं कुलाब्याच्या सुया वेड्यावांकड्या हालूं लागल्या आणि तेथील आडवें चुंबकबल सुमारें चार टक्क्यांनीं उतरलें. युरोप-अमेरिकेंत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वादळाचें मोजमाप करावयाचें तर आजहि शास्त्रज्ञांस कुलाब्याच्या वह्या उघडाव्या लागतात.

या नोंदीवर संकट आलें तें मात्र सूर्याकडून नव्हे. १९०० च्या सुमारास घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेच्या ट्राम आणण्याचें ठरलें. रुळांवाटे परतणाऱ्या प्रवाहाचा कांहीं भाग जमिनींत झिरपतो, आणि ओर्स्टेडच्या नियमाप्रमाणें सुया हालल्यावांचून राहत नाहींत. ट्राम अडविणें शक्य नव्हतें. तसें करणें शहाणपणाचेंहि झालें नसतें. १८९६ पासून वेधशाळेचे प्रमुख असलेले डॉ. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे त्या पदावरील पहिलेच हिंदी गृहस्थ. त्यांनीं खाडीपलीकडचें अलिबाग निवडलें. चुंबकधर्म नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत १९०४ सालीं उभी राहिली, आणि तींत लोखंडाच्या जागीं तांबें-पितळ वापरण्यांत आलें.

पण नुसती यंत्रें हलवून भागलें नसतें. भूगर्भांतील खडकांमुळें दोन गांवांचें चुंबकबल कधींच सारखें नसतें. जुनी वही मिटून नवी उघडली असती, तर सहा दशकांची नोंद तेथेंच तुटली असती. म्हणून मूस यांनीं १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध चालू ठेविले आणि दोहोंतील अंतर नेमकें ठरविलें. हें काम दिखाऊ नव्हे, कंटाळवाणेंच. परंतु मूस यांची खरी थोरवी याच कामांत आहे. १९०६ च्या एप्रिलांत कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले. पुढल्या वर्षीं मे महिन्यांत विजेची पहिली ट्राम धांवली.

कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी मूस यांनीं १९१० सालीं दोन खंडांत छापून काढल्या. अलिबागची वेधशाळा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून तेथील वेध अद्यापि चालू आहेत.