फ्रान्सच्या ‘नाही’ला काय उत्तर मिळाले?

युरोपच्या एकीकरणावर आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा २००५ चे फ्रेंच सार्वमत दोन ओळींत उरकले जाते: लोक संकुचित निघाले, चांगली राज्यघटना बुडाली. आम्हाला हे मान्य नाही.

मुळात ही कल्पना कोणाची? १९४१ साली मुसोलिनीने व्हेन्तोतेने बेटावर डांबलेल्या अल्तिएरो स्पिनेल्ली आणि एर्नेस्तो रोस्सी यांनी युरोपीय संघराज्याचा जाहीरनामा लिहिला. तो चोरून बेटाबाहेर पोहोचला. राष्ट्रांच्या सीमांइतकाच श्रमिकांच्या मुक्तीचा प्रश्न त्यात होता. प्रत्यक्षात मात्र सुरुवात झाली १९५० च्या शुमन प्रस्तावातल्या कोळसा-पोलादापासून, आणि १९५७ च्या रोम कराराने बाजार जोडले. फ्रान्स-जर्मनी पुन्हा लढले नाहीत, याचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण आधी बाजार, मग माणूस, हा क्रम तेव्हाच ठरला.

२००० साली जर्मन परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांनी संघराज्याची मागणी पुन्हा मांडली आणि वाद पेटला. २००२ मध्ये जिस्कार देस्ताँ यांच्या अध्यक्षतेखाली मसुदा परिषद बसली. उद्देशिकेत ईश्वर आणि ख्रिस्ती वारसा हवा की नको, यावर केवढे रण माजले! (धर्माची ही हौस फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नये.) ‘मुक्त आणि निकोप स्पर्धा’ मात्र संघाच्या उद्दिष्टांत जाऊन बसली.

अर्थरचना घटनेत लिहूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे घटनेतच लिहा, अशी मागणी केली होती. पण ती सामान्य नागरिकाला आर्थिक शोषणापासून वाचवण्यासाठी. युरोपच्या मसुद्यात संरक्षण कोणाला मिळत होते?

हाच प्रश्न फ्रान्समध्ये कामगारांनी विचारला. २९ मे २००५ रोजी सुमारे ५५ टक्के मते विरोधात पडली. तीन दिवसांनी नेदरलँड्समध्ये ६१ टक्क्यांहून जास्त. त्या मतपेटीत द्वेषही होता, हे झाकायचे कारण नाही. ‘पोलिश प्लंबर’ येऊन तुमचे काम हिरावेल, ही भीती उजव्यांनी पेरली होती. पण तिला खतपाणी कोणी घातले? युरोपीय आयोगाच्या बोल्केस्टाईन प्रस्तावाने! सेवा पुरवणाऱ्या कंपनीला तिच्या मूळ देशाचे नियम लागू करण्याचे त्यात होते. म्हणजे दोन देशांचे मजूर एकमेकांसमोर उभे, आणि मालक बाजूला.

मग उत्तर काय मिळाले? ‘राज्यघटना’ हा शब्द गाळला आणि २००७ मध्ये लिस्बन करार आला. अवजारे बहुतेक तीच, पेटीतली मांडणी तेवढी बदलली, अशा अर्थाचे खुद्द जिस्कार यांनीच लिहिले. स्पर्धेचा उल्लेख सार्कोझींच्या आग्रहाने उद्दिष्टांतून काढला, पण जोडपत्रात ठेवला. फ्रान्सने तो करार २००८ मध्ये संसदेतून मंजूर करून घेतला. जनतेला पुन्हा विचारलेच नाही. आयर्लंडला सार्वमत घ्यावेच लागले. २००८ मध्ये तिथे नकार आला, तेव्हा काही आश्वासने देऊन २००९ मध्ये पुन्हा मतदान घेतले.

सार्वमतात डाव्यांचा नकार आणि ल पेन यांचा नकार वेगवेगळा होता. सत्ताधाऱ्यांनी दोन्ही एकाच पोत्यात भरले. मजुरीचा प्रश्न अनुत्तरित राहिला आणि ती रिकामी जागा वंशवादाने भरली, असे आमचे मत आहे. २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत मरीन ल पेन यांना ४१ टक्क्यांहून जास्त मते मिळाली.