खार, लोखंड आणि काच

वहाणा वरच, लोणारच्या खड्ड्याच्या कडेला, धारेच्या देवळापाशी काढून ठेवा. खालच्या चिखलात त्या टिकायच्या नाहीत, आणि तुम्ही ज्या काळात उतरताय तिथे नवी जोडी हवी असली तर मेहकरचा बाजार गाठावा लागेल.

वैशाख आहे. वऱ्हाड अकबराकडे येऊन दोन-तीन वर्षंच झालीत. उतरण्याआधी धारेचं पाणी पिऊन घ्या. गोमुखातून पडणारं हे पाणी गोड आहे. तेच पाणी सव्वाशे-दीडशे मीटर खाली तळ्यात पोचलं की जिभेला चरचरतं आणि बोटांना साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं. अर्ध्या उतारावर वास येतो, कुजक्या अंड्यांचा. नाक मुरडू नका, थोड्या वेळाने तो जाणवेनासा होईल.

उन्हाने तळं आत सरकलंय. मोकळ्या पडलेल्या काठावर पांढरा थर धरलाय आणि गुडघाभर काळ्या चिखलात माणसं वाकलेली आहेत. त्यातला एक म्हातारा तुमच्याकडे बघतो.

“कुठले जी तुम्ही? असे उभे काय राहिले? घ्या, जिभेवर ठेवून पाहा.”

तळहातावर तो एक ढेकूळ ठेवतो. हा दल्ला. पातळ पापुद्र्याची ती पापडी, मोकळी भुरभुरीत ती भुसकी. खप्पल वेगळा, निमक दल्ला वेगळा. तुम्हाला सगळं सारखंच पांढुरकं दिसतं. तो मात्र नुसत्या हाताने चोळून ढीग वेगळे करतो. कारण गिऱ्हाइकं वेगळी आहेत. साबण करणारा वेगळा, बांगडीची काच ओतणारा वेगळा, कापडावर रंग पक्का करणारा रंगारी वेगळा. चुकीचा माल गेला तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक फिरकणार नाही. खनिजांचं सर्वेक्षण म्हणून पुढे जे काही या खळग्यात झालं, त्यातलं पहिलं आणि माझ्या मते सर्वांत नेटकं काम याच म्हाताऱ्याच्या पिढ्यांचं. त्यांनी तळ्यातले क्षार ओळखले, त्यांना नावं दिली आणि त्यांचा उपयोग ठरवला, आणि ते सगळं जीभ आणि हात एवढ्या दोन उपकरणांवर. त्याची नोंद बादशाही दप्तरात गेली ती महसुलापुरती. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त मेहकर सरकारच्या वर्णनात एवढं येतं, की इथल्या डोंगरात काच आणि साबण करायचं सगळं सामान मिळतं आणि त्यावरच्या जकातीचं उत्पन्न चांगलं आहे.

म्हाताऱ्याला विचारा, हा खार येतो कुठून? तो वर गावाकडे बोट दाखवेल. तिथे दैत्यसूदनाचं देऊळ आहे. लवणासुर इथे जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने त्याला बाहेर ओढून मारला. हसू नका. पुढची तीनशे वर्षं शिकलेली माणसंही तळाखाली दडलेलं काहीतरीच धुंडाळणार आहेत.

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी कडेवर उभा राहतो. मुलूख अजून निजामाचा आहे. इंग्रजांच्या हाती वऱ्हाड यायला १८५३ उजाडेल. त्याच्याजवळ फार थांबायला नको. त्याच्यामागून येणाऱ्या बहुतेकांना हे ज्वालामुखीचं तोंडच वाटतं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? चारी बाजूंना साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर पसरलेले, मध्ये १,८३० मीटर व्यासाचा गोल खड्डा. दुसरं काय सुचणार!

१९१० च्या सुमाराला या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि ख्रिस्टी इथे काम करताहेत. ला टूश भूशास्त्रज्ञ, त्याचं लक्ष खडकांवर. ख्रिस्टी रसायनज्ञ, त्याचं पाण्यावर आणि खारावर. त्यांचा अहवाल १९१२ मध्ये छापून येतो. खड्डा कसा पडला याचं उत्तर त्यांना सापडलं नाही, पण लवणासुराचं कोडं सुटलं. झरे आणि पाऊस लाव्हाच्या या काळ्या खडकातून, बेसॉल्टमधून, झिरपताना सोड्याचा अगदी थोडा अंश बरोबर आणतात. तळ्याला बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, सोडा मागे ठेवतं, आणि दूध आटावं तसं हे शतकानुशतकं आटत आलंय. खाली दडलेलं काहीच नव्हतं. खार त्या गोड धारेतूनच येत होता, म्हणजे तुम्ही सकाळी प्यायलात त्यातूनच.

तोवर खाराचा बाजारही बदललेला असतो. बेल्जियमच्या सोल्व्हेने १८६० च्या दशकात साध्या मिठापासून सोडा बनवायची स्वस्त रीत काढली. कारखान्यातल्या त्या मालापुढे चिखलातून वेचलेल्या दल्ल्याचा निभाव लागणं कठीणच होतं.

आता जरा ॲरिझोनाला जाऊन या, कारण लोणारची गोष्ट तिथेही घडते आहे. वाळवंटात असाच खड्डा आहे, भोवती लोखंडी उल्केचे तुकडे विखुरलेत. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा मोठा भूशास्त्रज्ञ तो तपासून म्हणतो, ही वाफेच्या स्फोटाची करामत. १८९६ च्या लेखात तो दाखला देतो तो आपल्या लोणारचा. डॅनियल बॅरिंजरला मात्र हे पटत नाही. तळाखाली लोखंडाचा प्रचंड गोळा आहे या खात्रीने १९०३ मध्ये तो खाणीचा हक्क मिळवतो आणि १९२९ पर्यंत भोकं पाडत राहतो. गोळा सापडत नाही. तो आदळतानाच बहुतेक उडून गेलेला असतो. पैसा बुडाला, पण उल्केबद्दल माणूस बरोबर होता. लोणारात असा वेडा सावकार कुणी आला नाही, ते बरंच झालं म्हणायचं.

इथे ड्रिलिंगची मशिन यायला १९७० च्या आसपासचं साल लागतं. खडखडाट कड्यांवर आपटून परत येतोय, तुम्हाला बोलायला ओरडावं लागतं. सर्वेक्षणाची माणसं पाइप वर ओढतात आणि आतला गाभा लाकडी पेटीत ओळीने मांडतात. आधी गाळ, मग आणखी गाळ. मग एकदाचा चुरडलेल्या, एकमेकांत घुसलेल्या खडकाचा थर. एक तुकडा हातात घ्या. शंकूच्या आकाराच्या रेघोट्या दिसतात? ज्वालामुखीने अशा पडत नाहीत, त्याला प्रचंड वेगाचा आघात लागतो. भिंगाखाली आणखी पुरावा आहे. बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज खनिजाची काच झालेली आहे, न वितळता, नुसत्या धक्क्याने. हीच मॅस्केलिनाइट. ती पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत. इथे ती वऱ्हाडच्या काळ्या दगडात आहे. कडेवर खणलेल्या चरांतून वितळलेल्या काचेचे बारीक गोल मणी निघतात.

फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा निबंध १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये येतो. बेसॉल्टमधलं आघाताचं विवर तेव्हा पृथ्वीवर हे एकच माहीत होतं, आणि चंद्रावरचे काळे पट्टेही बेसॉल्टचेच. अपोलोच्या यानांनी आणलेल्या मण्यांशी लोणारचे मणी जुळले. बांगडीच्या काचेसाठी इथून खार नेणाऱ्यांच्या पायाखाली ही दुसरी काच पडूनच होती. तिला बाजारात कवडीची किंमत नाही, प्रयोगशाळेत मात्र ग्रॅमचाही हिशेब ठेवतात.

आजच्या दिवसात परत या. २००० पासून हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ. त्याच २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुन्हा तपासणीसाठी बाटल्या भरल्या गेल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. खड्ड्याच्या वयाचा वाद तर चालूच आहे. आधीच्या मोजणीत ते ५२ हजार वर्षांच्या आसपास निघालं. २०११ मध्ये वितळलेल्या खडकातल्या आरगॉनवरून मोजलं तेव्हा ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक. तेव्हा एखाद्या वाटाड्याने तुम्हाला पहिला आकडा सांगितला आणि दुसऱ्याने दुसरा, तर त्यांच्यात भांडण लावून देऊ नका.